बनी तो बनी, आणि इतर कांहीं

परभणीचें नांव महाराष्ट्रांत दोन म्हणींनीं पसरविलें आहे, आणि त्या एकमेकींचें तोंड पाहण्यास तयार नाहींत. एक म्हणते, “बनी तो बनी, नहीं तो परभनी.” दुसरी म्हणते, “जगांत जर्मनी, भारतांत परभणी.” पहिलीप्रमाणें परभणी हें, जें साधावयाचें होतें तें न साधलें म्हणजे माणूस जेथें येऊन पडतो, तें ठिकाण आहे, दुसरीप्रमाणें ती साऱ्या जगांतील एका बलाढ्य राष्ट्राची जोडीदारीण आहे. एवढी निंदा व एवढी स्तुति एकाच गांवाच्या वाट्यास क्वचितच येत असेल. परभणीच्या माणसास विचारावें, तर तो दोन्ही म्हणी सारख्याच हौसेनें म्हणून दाखवितो.

म्हणींना जन्मदाखला नसतो. पण त्यांच्या उच्चारांत मात्र त्यांचें कुळ उघडें पडतें. “बनी” शीं यमक जुळावयास “परभणी” तील ‘ण’ आड येतो. तेथें “परभनी” च म्हणावें लागतें. अर्थात् ही म्हण मराठी तोंडांत जन्मलेली नव्हे; ती दखनी बोलणाऱ्या तोंडांत, निजामाच्या राज्यांत, कचेरीच्या ओट्यावर किंवा रेल्वेच्या डब्यांत जन्मली असावी. दुसरी म्हण मराठी आहे खरी, पण तिचें वय फार नसावें. जर्मनीचें नांव मराठवाड्याच्या खेड्यांत पोहोंचलें तें १९१४ च्या महायुद्धाबरोबर, आणि त्याहूनही अधिक स्वयंपाकघराच्या वाटेनें. अल्युमिनियमच्या पातेल्याला मराठी गृहिणी आजही ‘जर्मल’ किंवा ‘जर्मनचें भांडें’ म्हणते. याचें मूळ ‘जर्मन सिल्व्हर’ या नांवांत आहे. ती धातु तांबें, जस्त व निकेल यांच्या मिश्रणाची; तींत चांदीचा कणही नाहीं. पुढें अल्युमिनियम आलें, आणि त्याच्या अंगावर हें आयतें नांव चढलें. म्हणजे चांदी नसलेल्या चांदीचें नांव जर्मनीचें नसलेल्या भांड्याला मिळालें. अशा भांड्यांत शिजलेलें वरण खाऊन कोणी “जगांत जर्मनी” म्हटलें असेल, तर त्यांत नवल वाटावयास नको.

गंमत अशी कीं, परभणीचें नांव खरोखरच देशभर नेलें तें कोणत्याही म्हणीनें नव्हे, तर एका भेंडीनें. १९१८ सालीं निजाम सरकारनें परभणीस शेतकीचें प्रयोगक्षेत्र काढलें; पुढें १९७२ त तेथेंच कृषि विद्यापीठ झालें. त्या विद्यापीठानें १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांति’ नांवाची भेंडी लागवडीस दिली. भेंडीचीं पानें ज्या रोगानें पिवळीं जाळीदार होतात, त्या रोगास तोंड देणारा एक रानटी भाऊबंद शोधून त्याचा नेहमींच्या भेंडीशीं संकर केलेला होता. ज्यांनीं मराठवाडा नकाशांतही पाहिला नाहीं, अशा प्रांतांतील माळ्यांनीं तें बी परभणीचें नांव वाचून पेरलें. त्यावर मात्र कोणी म्हण केली नाहीं.

नांवावरून वेळेकडे वळावें, तर परभणीचें घड्याळ आणि परभणीचा सूर्य यांचेंही पटत नाहीं. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंशांच्या रेखावृत्तावर बांधलेली आहे, परभणी ७६॥। अंशांवर वसलेली. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें परभणीचें घड्याळ तिच्या सूर्याच्या सुमारें तेवीस मिनिटें पुढें धांवतें. आतां जुन्या मापाची घटका म्हणजे चोवीस मिनिटें. दिवसाच्या साठ घटका, आणि मधोमध बारीक भोंक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली म्हणजे ती भरून बुडावयास लागणारा वेळ म्हणजे एक घटका. लग्नघरीं जोशीबोवा घटिकापात्र बुडण्याची वाट पाहात बसत, ती हीच घटका. तेव्हां असें म्हणण्यास हरकत नाहीं, कीं सरकारनें परभणीकरांच्या खात्यांतून जवळजवळ नेमकी एक घटका उचलली आहे. कलकत्त्याकडे पाहावें, तर तेथें घड्याळ सूर्याच्या तेवीस मिनिटें मागें असतें. परभणीची घटका कोठें गेली, याचा तपास ज्यास लावावयाचा असेल, त्यास तो तेथें लागेल.

त्यापूर्वींची गोष्ट आणखी निराळी. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, तेव्हां हिंदुस्थानांतील आगगाड्या सामान्यतः मद्रासच्या वेळेनें चालत. परभणीच्या स्टेशनावर मद्रासचे बारा वाजत, त्या वेळीं स्टेशनाबाहेरच्या लिंबाची सावली बारा वाजण्यास अद्याप चौदा मिनिटें अवकाश असल्याचें सांगत असे. मुंबई शहरानें आपली स्वतःची वेळ सोडावयाचें नाकारून तेथील म्युनिसिपालिटीनें ती १९५५ पर्यंत ओढून नेली. परभणीनें असा हट्ट धरला नाहीं, कारण तेथें घड्याळांची गरजच थोड्यांना होती. शेतावर जाणाऱ्याला ‘झुंजूमुंजू’ आणि ‘कासराभर दिवस’ पुरत. बैलाचा कासरा म्हणजे दोर. क्षितिजापासून एवढ्या उंचीवर सूर्य आला कीं दिवस कासराभर वर आला. हें माप हातांत असतें, आणि त्याला किल्ली द्यावी लागत नाहीं. पहांटेची वेळ बायकांना जात्यावरून कळे. दळण किती झालें त्यावरून रात्र किती उरली तें ठरे. संत जनाबाई परंपरेनें याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या, आणि त्यांच्या अभंगांत जातें वारंवार फिरतें, हा केवळ योगायोग म्हणतां येत नाहीं.

सूर्याचीही एक खोड सांगावयास हवी. तो स्वतः वक्तशीर नाहीं. पृथ्वीच्या प्रदक्षिणेचा मार्ग लांबट आणि तिचा आंस कलता, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास सूर्य चौदा मिनिटें मागें पडतो, तर नोव्हेंबराच्या आरंभीं सोळा मिनिटें पुढें जातो. त्यामुळें परभणीस डोक्यावर मध्यान्ह होते ती फेब्रुवारींत घड्याळाच्या साडेबारा वाजून गेल्यावर, आणि नोव्हेंबरांत बाराला सातच मिनिटें झालीं असतां. आणखी एक मौज म्हणजे, कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें येथें वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यांत, भर मध्यान्हीं उभ्या काठीची सावली अजिबात नाहींशी होते. जुलैंतली सावली ढगच खाऊन टाकतात. मेमधली पाहावयास त्या उन्हांत कोणी बाहेर पडत नाहीं.

घड्याळाचा घोटाळा मिनिटांचा. सालांचा घोटाळा पोटाचा होता. १ जानेवारी १९४८ रोजीं परभणीच्या बाजारपेठेंत उभ्या असलेल्या माणसाला आज कोणतें साल, असें विचारलें असतें, तर चार उत्तरें मिळालीं असतीं, आणि चारही खरीं. जोशी शके १८६९ म्हणाला असता, काजी हिजरी १३६७, स्टेशनमास्तर इसवी १९४८, आणि तहशिलींतला कारकून फसली १३५७. यांपैकीं शेतकऱ्याच्या मानेवर बसलेलें साल शेवटचें. त्याची उत्पत्ति मोठी विचार करण्याजोगी आहे.

हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचें. पिकें मात्र सूर्याच्या मागें चालतात. चांद्र तेहतीस वर्षें आणि सौर बत्तीस वर्षें यांची बेरीज सहा-सात दिवसांच्या अंतरानें सारखीच येते. आतां हिजरी सनाप्रमाणें सारा वसूल करावयाचा ठरला, तर बत्तीस पिकें काढणाऱ्या कुणब्याकडून तेहतीस सारे घेतले जावयाचे. एक सारा हवेंतून! शिवाय वसुलाची तारीख दर वर्षीं अकरा दिवस मागें सरकत सरकत एखाद्या सालीं पेरणीच्या तोंडावर येऊन उभी राहावयाची. हें अरिष्ट टाळण्याकरितां अकबरानें उत्तरेंत फसली, म्हणजे पिकाचें, साल चालू केलें, आणि दक्षिणेंत शहाजहानच्या अमदानींत १६३६ मध्यें तें लागू झालें. त्या वर्षीं हिजरी सन १०४६ होता, तोच आंकडा फसलीस दिला गेला. तेथून दोघे बरोबर निघाले, आणि तीन शतकांत चांद्र गडी दहा वर्षें पुढें गेला; १३६७ व १३५७ यांतील दहांचें अंतर तें हेंच. हीं दहा वर्षें म्हणजे कागदावर वाचलेले दहा सारे होत. अर्थात् वाचलेलें शेतकऱ्याच्याच घरांत राहिलें, असें समजण्याचें कारण नाहीं. साऱ्याचा दर वाढविण्यास पंचांग लागत नाहीं.

वर्ष पिकाचें खरें, पण त्याचे महिने इराणचे. निजामाच्या राज्यांत फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत ‘आझूर’ महिन्यानें उघडे. मग दै, बहमन, इस्फंदार असे बारा महिने. ज्वारी मराठवाड्याची, सूर्य परभणीचा, आणि पावतीवर मात्र खुर्दाद व अमरदाद. पेशवाईच्या मुलखांत ह्याच जातीचें साल मृग नक्षत्राला बदले; तें शेतकऱ्याला सांगावें लागत नसे, तें आभाळच सांगे. निजामी कागद वाचावयास आजच्या माणसास फसलींत ५९० मिळवावे लागतात, तेव्हां इसवी साल हातीं येतें. आणि तारीख ऑक्टोबरनंतरची कीं आधींची याचें भान सुटलें, तर माणसाचें वय एक वर्षानें चुकतें. जुन्या शाळांच्या दाखल्यांवरून जन्मतारखा काढतांना अशा चुका होऊन कोणी एक वर्ष अगोदर निवृत्त झाले आणि कोणी एक वर्ष उशिरां, यांत अशक्य असें कांहींच नाहीं. परभणीचा प्रसिद्ध उरूस, हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा, हाही दर वर्षीं २ फेब्रुवारीसच सुरू होतो. उरूस बहुधा चंद्राच्या तिथीनें सरकत राहतात. हा मात्र सूर्याच्या तारखेस चिकटून आहे, आणि म्हणून पाळणेवाले, मिठाईवाले व खेळणीवाले यांस पंचांग पाहावें लागत नाहीं.

साऱ्याचा विषय निघालाच आहे, तर पाथरीची गोष्ट सोडवत नाहीं. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असें फिरिस्ता लिहितो. बुऱ्हाण निजामशहा गादीवर आल्यावर आपल्या वडिलोपार्जित गांवाचें प्रेम त्याच्या घराण्यास स्वस्थ बसूं देईना. पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशहाकडे. तिच्या बदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला, तो इमादशहानें नाकारला. शेवटीं १५१८ मध्यें निजामशाही फौजेनें पाथरी घेतली. सुलतानपद मिळालें तरी कुलकर्णीपणाची ओढ सुटत नाहीं, याचें याहून ठळक उदाहरण दक्षिणच्या इतिहासांत सांपडणें कठीण. मराठवाड्यांत वतनाच्या बांधावरून भावांभावांत जे खटले चालत, त्यांस निदान राजघराण्याचा दाखला होता.

आतां नाण्यांकडे. परभणीच्या बाजारांत रुपये दोन होते. हैदराबादचा तो ‘हाली’, आणि इंग्रजांचा तो ‘कलदार’. कलदार म्हणजे कळीनें, यंत्रानें पाडलेला. हाली म्हणजे हल्लींचा, चालू. पुढें हैदराबादच्या टांकसाळींतही यंत्रें आलीं, १९०३ च्या सुमारास रुपयावर चारमिनार झळकूं लागला, तरी यंत्राचा मान कलदारासच राहिला. आणि हाली तर आतां कधींच चालेनासा झाला आहे, तरी त्याचें नांव ‘चालू’ च. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव पडे. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा भाव लहरीचा नव्हता. हाली रुपयाचें वजन सुमारें ११.१८ ग्रॅम व त्यांत हजारीं ८१८ भाग चांदी. कलदाराचें वजन ११.६६ ग्रॅम व चांदी हजारीं ९१७. दोघांतली निव्वळ चांदी काढून पाहिली, तर प्रमाण जवळजवळ नेमकें सहास सात असेंच येतें.

हिशेब इतका स्वच्छ असूनही भांडण कोठें होतें? तें शब्दांत होतें. सावकाराच्या खतांत नुसतें “रुपये शंभर” असें असलें, आणि ‘सिक्का हाली’ कीं ‘कलदार’ हें लिहिलें नसलें, तर सोळा रुपयांचा मामला तोंडी पुराव्यावर जाऊन पडे. निरक्षर कुळानें अंगठा उमटवितांना शंभर हा आंकडा ऐकलेला असे. कोणते शंभर, हा प्रश्न व्याजासकट पुढें उभा राही. त्यांत जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडावर नांव निजामाचें, कारभार इंग्रजांचा, १९०२ पासून तर कायमच्या पट्ट्यानें. म्हणून तेथें चाले कलदार. निजामाचा प्रजाजन निजामाच्याच मालकीच्या मुलखांत बैल घ्यावयास गेला, तर निजामाचा रुपया कमरेस असूनही त्यास प्रथम सराफाकडे जावें लागे, आणि सराफ बट्टा कापून घेई. नांवाला ‘बट्टा लागणें’ हा वाक्प्रचार मराठींत ह्याच दुकानांतून आलेला आहे. फरक एवढाच कीं नांवाला बट्टा लावणारा पैसे मागत नाहीं.

सर्व संस्थानांत स्वतःच्या कागदी नोटा काढण्याची मुभा एकट्या हैदराबादलाच होती. १९१८ पासून निघालेल्या त्या नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगु व कानडी हींही लिहिलेलीं असत. ज्या मराठीला कोर्टांत व तहशिलींत दार बंद होतें, ती नोटेवर मात्र बसलेली असे. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत आलें. १९५१ त हाली काढणें थांबलें, १९५९ पर्यंत तो चलनांतून पार गेला. चांदीचे रुपये मात्र गेले नाहींत. ते बायकांच्या गळ्यांतल्या माळांत जाऊन बसले, आणि तेथें हालीला कोणी बट्टा कापीत नाहीं.

मापांची कथा नाण्यांहून जुनी. चिपटें, मापटें, शेर, अधोली, पायली. चार शेरांची पायली, कोठें बारा पायल्यांचा मण तर कोठें सोळा, वीस मणांची खंडी. हीं मापें वजनाचीं नव्हेत, आकाराचीं. म्हणून ज्वारीची पायली आणि करडईची पायली तराजूंत घातल्या तर एकमेकींना ओळखीत नाहींत. खळ्यावर धान्य मोजतांना पहिल्या मापास ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मोजणीचा आरंभच शुभ शब्दानें व्हावा. धान्य मापाच्या कांठावर शंकूसारखें चढतें, त्या टोंकास ‘शीग’ म्हणतात. उत्कंठा ‘शिगेला पोहोंचली’ असें लिहिणारा शहरी लेखक नकळत ज्वारीच्या पायलीबद्दल बोलत असतो. शीग ही शेतकऱ्याच्या दृष्टीनें मात्र अलंकाराची बाब नव्हती. पेरणीला बी उसनें देतांना माप हातानें सपाट केलेलें आणि सुगींत परत घेतांना शिगेचें, ही त्याची जुनी तक्रार. त्यावर सवाई किंवा दिढी वेगळी. सव्वापट आणि दीडपट हें तोंडानें सांगितलेलें व्याज, शीग हें न सांगितलेलें. १९५८ पासून दशमान वजनें आलीं आणि शीग कायद्यानें सपाट झाली. खेड्यांत पायली अजून दिसते, पण आतां तींत किती किलो ज्वारी मावते, हें आधीं विचारून घेतात.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आणा गेला, तरी बोलण्यांतून जाईना. खरी गोष्ट अजून सोळा आणेच खरी असते, शंभर पैसे खरी असें कोणी म्हणत नाहीं. पण आण्याचा खरा संसार शेतांत होता. उभें पीक पाहून सोळा आण्यांपैकीं किती आणे आलें हें ठरविण्यास ‘आणेवारी’ म्हणत, आणि ती ठराविक आंकड्याखालीं गेली तर सारा तहकूब होई. गुजराथेंत खेड्याच्या शेतकऱ्यांनीं १९१८ त जो सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशीं हाच वाद होता: पीक चार आण्यांच्या आंत आहे, असें शेतकऱ्यांचें म्हणणें, आणि त्याहून वर आहे, असें सरकारी अंमलदारांचें. एका आण्याच्या अंदाजावर एक जिल्हा उठला.

आणे गेल्यावर आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. महाराष्ट्रांत गांवची पैसेवारी पन्नास पैशांच्या खालीं आली, तर त्या गांवास टंचाईच्या सवलती, साऱ्यांत सूट, विद्यार्थ्यांस फी माफ. पन्नासावर गेली तर कांहीं नाहीं. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनें पाऊस, जमिनींतील ओल, पिकांची हिरवळ असे दुसरे निकष पुढें आणले. तरी पैसेवारी निघतच असते. परभणी, जिंतूर, सेलू, मानवतच्या शेतकऱ्यास या आंकड्याची आठवण करून द्यावी लागत नाहीं. वर्तमानपत्रांत तालुक्यांची यादी आली कीं प्रथम तोच पाहिला जातो. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं चलनांतून काढून घेण्यांत आलीं. पन्नास पैशांचें नाणें कायद्यानें चालू आहे, पण दुकानदार तें घेत नाहीं, भिकारीही परत करतो. तहशीलदाराच्या वहींत मात्र त्याचा दरारा पूर्वीसारखाच आहे. एकोणपन्नास पैशांचें गांव आणि एकावन्न पैशांचें गांव यांच्यामध्यें कधीं कधीं केवळ एक ओढा असतो, आणि पाऊस दोन्हीकडे सारखाच चुकलेला असतो. पैसेवारी तीनदां निघते, नजर अंदाजाची, सुधारित आणि अंतिम. अंतिम पैसेवारी वर्षअखेरीस जाहीर होते. खरिपाचें जें कांहीं आलें तें तोंवर खळ्यांतून बाजारांत गेलेलें असतें.